बैठकीतील पट : कुटुंबाने एकत्र खेळावयाच्या काही खेळांचा परामर्श

इतरांच्या घरी कुटुंब एकत्र येते ते रात्रीच्या पानावर. चोविहार पाळणाऱ्या घरांत ही सोय नसते. मांडवीच्या पेढीवर बसलेल्या गृहस्थाचा डबा सूर्यास्तापूर्वी पेढीवरच उघडतो, मुले शिकवणीला निघण्यापूर्वी जेवून घेतात, घरातील स्त्रिया आपल्या वेळेस जेवतात. रात्री नऊच्या सुमारास दुकान वाढवून गृहस्थ घरी येतो तेव्हा सर्व माणसे एका छपराखाली असतात, परंतु एकत्र नसतात. एकाचे दूरदर्शन चालू असते, दुसऱ्याच्या हाती भ्रमणध्वनी असतो, आजोबा माळ घेऊन कोपऱ्यात बसलेले असतात. ज्या मुलाने पुढे पेढी सांभाळावयाची, त्याच्याशी दिवसभरात दहा वाक्यांपलीकडे बोलणे झालेले नसते. ही उणीव भरून काढण्यास पटावरील खेळासारखे स्वस्त साधन दुसरे नाही, असे आमचे मत आहे. म्हणूनच जुन्या व नव्या अशा काही खेळांचा परामर्श सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

फासा हा शब्द उच्चारताच वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते, हे आम्ही जाणतो, आणि ती आठी निराधार नाही. सप्त व्यसनांच्या यादीत द्यूताचा समावेश आहे. नल-दवदंतीच्या कथेत नल आपल्याच भावाशी, कूबराशी, द्यूत खेळून राज्य गमावून बसला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु दोष पणाचा आहे, पटाचा नाही. पैसा मध्ये आला की समोरचा माणूस भाऊ राहत नाही, सावज होतो. तेव्हा पहिली अट अशी की, कोणताही खेळ पैशावर खेळावयाचा नाही, चार आण्यांवरही नाही. श्रावणातील सातम-आठमला ‘सणापुरते’ म्हणून पत्ते मांडणाऱ्या मंडळींना हे रुचणार नाही. तथापि सणापुरते जडलेले व्यसन सणाबरोबर जात नाही, हे बाजारात बसणाऱ्या माणसास वेगळे सांगावयास नको.

द्यूताचा इतका निषेध करणाऱ्या आपल्याच परंपरेने एक अप्रतिम पट निर्माण केला, ही गोष्ट मात्र तरुण पिढीस ठाऊक नसते. त्याचे नाव ज्ञानबाजी अथवा ज्ञानचौपड. आज ज्याला मराठीत सापशिडी व गुजरातीत सापसीडी म्हणतात, त्याचे हे मूळ कुळ. वैष्णव पट बहुधा ७२ घरांचा असे. जैन पट ८४ घरांचा. कापडावर किंवा कागदावर हाताने रंगविलेल्या या पटाच्या तळाशी नरकगती, वर मनुष्यलोक, त्याहून वर देवलोक आणि सर्वांच्या माथ्यावर सिद्धशिला अशी मांडणी असे. देवलोक हा येथे केवळ मुक्काम होय, शेवट नव्हे. गुजरात-राजस्थानातील जैन समाजात पर्युषणाच्या दिवसांत तो खेळला जात असे, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात असे जुने पट जतन केलेले आहेत. महाराष्ट्रात याच जातीच्या मोक्षपटाचे जनकत्व परंपरेने ज्ञानेश्वर महाराजांकडे दिले जाते. परंतु त्यांच्या काळचा पट किंवा तत्कालीन लेखी पुरावा उपलब्ध नाही.

या पटाचे मर्म घरावर लिहिलेल्या नावांत होते. शिडी दया, तप अशा एखाद्या गुणाची असे आणि साप क्रोध, लोभ अशा एखाद्या दोषाचा असे. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा सापच बहुधा अधिक दिसतात. इंग्रज लोक हा खेळ विलायतेस घेऊन गेले. १८९२ साली लंडनमध्ये एफ. एच. एअर्स यांनी त्याची विलायती आवृत्ती काढली. प्रारंभी तेथेही काटकसर, आज्ञाधारकपणा अशी नावे घरांवर होती. पुढे घरे शंभर झाली आणि नावे पुसली गेली. आज आपण स्टेशनरीच्या दुकानातून आणतो तो पट असा मुका झालेला आहे. त्यावर साप चावतो, पण कशासाठी चावला हे मुलास कळत नाही.

केवळ खेळ म्हणून पाहिले तर ज्ञानबाजी सामान्यच आहे. बुद्धीला वाव नाही, सर्व भार फाशावर. बारा वर्षांचा मुलगा अर्ध्या तासात जांभई देतो. उलट चार वर्षांची नात आजोबांना हरवू शकते, आणि हे ज्यात शक्य आहे असे खेळ थोडेच आहेत. आमची सूचना अशी की, मुका पट विकत आणू नये. मोठ्या पुठ्ठ्यावर घरीच आखावा व नावे मुलांकडूनच लिहवून घ्यावीत. काही घरांत आम्ही हा प्रयोग पाहिला. एका चिरंजीवांनी सर्वांत लांब सापाला ‘दुहेरी वह्या’ असे नाव दिले होते. त्या सापावर वडिलांची सोंगटी आली तेव्हा घरात जो हशा उठला, तो नाव नसलेल्या पटावर उठला नसता.

खरा कसदार खेळ म्हणाल तर सारीपाट, ज्याला गुजराती मंडळी चोपाट म्हणतात. कापडी फुलीच्या चार पाकळ्या, प्रत्येकीत २४ घरे, अशी एकूण ९६ घरे, सोळा सोंगट्या, चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे एका पक्षाचे. काळ्याचा सोबती पिवळा व तांबड्याचा हिरवा. सहा कवड्यांच्या प्रचलित रीतीत एकच कवडी उताणी पडली तर दहा, एकही न पडली तर पंचवीस. पचिशी हे नाव त्यावरूनच आले. अकबराच्या दरबाराशी त्याचे नाते सांगितले जाते व फत्तेपूर शिक्रीच्या अंगणातील दगडी पट आजही दाखविला जातो. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्यातील भागीदारी. आपल्या चार सोंगट्या आधी पोहोचल्या म्हणून डाव जिंकला जात नाही; जोडीदाराच्याही पोहोचाव्या लागतात. आपण पुढे धावलो आणि भागीदार मागे सापडला तर दोघेही बुडाले, हे पेढीवर पंधरा वर्षांनी कळते ते पटावर पंधरा वर्षांच्या वयात कळते. सासू-सून एका पक्षात आणि पिता-पुत्र दुसऱ्या पक्षात बसवून पाहावे. १८९६ मध्ये इंग्लंडात ज्याची नोंदणी झाली तो लुडो म्हणजे याच पटाचा संक्षेप. त्यात जोडीदार गेला, एकच फासा राहिला, आणि विचार करण्याजोगे फारसे काही उरले नाही. लुडो आमच्या मते सहा-सात वर्षांपर्यंतच ठीक.

येथे दोन व्यावहारिक गोष्टी सांगणे अवश्य आहे. कवडी हे जिवाचे कवच असल्याने काही घरांत ती चालत नाही. जुने हस्तिदंती फासेही त्याच कारणाने वर्ज्य. फोडलेले चिंचोके कवडीचे काम उत्तम करतात, एक बाजू पांढरी व दुसरी तपकिरी. लाकडी फासेही सुताराकडून करून घेता येतात. दुसरी गोष्ट भाषेची. भाजी ‘कापली’ न म्हणता ‘समारली’ म्हणणाऱ्या घरांत सोंगटी ‘मारली’ हा शब्द कानाला खटकतो. ‘घरी पाठविली’ म्हणावे; खेळात काही उणे येत नाही.

चिंचोक्यांवरून आठवण झाली ती इस्टोची. पाच बाय पाच घरांचा चौकोन खडूने जमिनीवर आखावा, चार चिंचोके घ्यावेत, की खेळ सुरू. वीज गेली असता, लग्नघरी, प्रवासात धर्मशाळेत, कोठेही. याला महाराष्ट्रात चल्लस-आठ म्हणतात. खर्च शून्य. कॅरमविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, तो घरोघरी आहेच. मात्र त्यात हाताची सफाई असलेला एकच मुलगा सतत जिंकतो आणि आजी कायमची प्रेक्षक होते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा डोळ्यांना मोठी सुखद. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने, तीन खेळाडू. लयास चाललेली ही कला सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने पुन्हा उभी केली, हे त्यांचे उपकारच. तथापि पाने मोजून लक्षात ठेवण्याची शिस्त ज्यांच्यात आहे त्यांनीच हा खेळ घ्यावा. एरवी तो भिंतीवरची शोभा होऊन राहतो.

आता व्यापाऱ्यांच्या मुलांना सर्वांत प्रिय असलेल्या ‘व्यापार’ अथवा ‘बिझनेस’ या खेळाकडे वळू. हा अमेरिकेतील ‘मोनोपॉली’चा देशी अवतार. त्याचा इतिहास मोठा विचित्र आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्ये ‘जमीनदाराचा खेळ’ या नावाने मूळ कल्पनेचे पेटंट घेतले. त्यांचा हेतू असा की, जमीन मूठभरांच्या हाती गेली म्हणजे भाड्याने बाकीचे कसे नागवले जातात हे लोकांना दिसावे. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने चार्ल्स डॅरो याच्या नावाने तोच खेळ बाजारात आणला. मॅगीबाईंच्या पेटंटचे मोल पाचशे डॉलर्स झाले. ज्या गोष्टीचा धिक्कार करण्यासाठी खेळ रचला, तीच गोष्ट त्याचे आकर्षण ठरली.

मूळ नावच या खेळाचे योग्य परीक्षण आहे. हा व्यापार नव्हे. यात माल नाही, गिऱ्हाईक नाही, उधारी नाही, पत नाही. जागा घ्यावी, घरे बांधावीत आणि चुकून तेथे आलेल्या माणसाकडून भाडे वसूल करावे, एवढेच. ज्याला बाजारात आयुष्य काढावयाचे आहे तो शेजारच्या दुकानदाराचे दिवाळे निघावे म्हणून वाट पाहत नाही. कारण त्याच्याकडे आपलीच रक्कम अडकलेली असते. शिवाय जो प्रथम बुडतो तो उठून जातो, आणि पुढे दीड-दोन तास दोघेच खेळत बसतात. कुटुंब एकत्र आणण्यासाठी मांडलेला खेळ माणसांना एकेक करून बाहेर घालवीत असेल तर त्याचा उपयोग काय? बेरीज-वजाबाकीचा सराव होतो हे खरे. तेवढ्यापुरता तो घरी असू द्यावा.

याच्या उलट जर्मनीत १९९५ मध्ये क्लाउस टॉयबर यांनी प्रसिद्ध केलेला ‘कॅटान’ आम्हांस खऱ्या अर्थाने व्यापाऱ्याचा खेळ वाटला. एका बेटावर वसाहती व रस्ते बांधावयाचे. त्यासाठी लाकूड, विटा, लोकर, धान्य व खनिज ही पाच द्रव्ये लागतात, आणि सर्व द्रव्ये एकाच्याच वाट्यास सहसा येत नाहीत. म्हणून बोलणे आले, घासाघीस आली. पेढीकडून घ्यावयाचे तर चार देऊन एक. बंदर हाती असेल तर तीन किंवा दोन देऊन एक. शेजाऱ्याशी मात्र जो ठरेल तो भाव. सर्वांना नाडणाऱ्याशी तिसऱ्या फेरीनंतर कोणी व्यवहार करीत नाही, हे मुलास कोणी सांगावे लागत नाही. फाशांची बेरीज सात आली की, ज्याच्या हाती सातांहून अधिक पत्ते असतील त्याला निम्मे टाकून द्यावे लागतात; साठेबाजीला इतका चोख दंड सरकारलाही साधलेला नाही. कोणी बाद होत नाही, प्रथम दहा गुण करणारा जिंकतो, दीड तासात डाव उरकतो. दोष दोन : तीन किंवा चार जणच खेळू शकतात, आणि दहा वर्षांखालील मुलास तो पेलत नाही. किंमतही ‘व्यापार’च्या मानाने जास्त आहे. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक संच घेतला तर ती जड वाटणार नाही.

ज्या घरांत हरलेला मुलगा पट उधळून देतो, तेथे मॅट लीकॉक यांचा २००८ चा ‘पँडेमिक’ आणावा. त्यात खेळाडू परस्परांविरुद्ध नसून सर्वजण मिळून रोगांच्या साथींशी झुंजतात. जिंकले तर सर्व, हरले तर सर्व. २०२० नंतर त्या विषयावर खेळणे काही घरांना नकोसे वाटेल, आणि ते आम्ही समजू शकतो.

भ्रमणध्वनीवरील खेळांचा उल्लेख टाळता येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तत्पूर्वी कित्येक घरांतील तरुण मुलांनी किती रकमा घालविल्या याची चर्चा आपल्या बाजारातही दबक्या आवाजात होत होती. कायद्याने दार बंद केले, तरी मुलाची रात्र नऊ ते साडेदहा ही वेळ मोकळीच राहिली. ती कोणी भरावयाची, हा प्रश्न कायद्याचा नव्हे.

पर्युषणात ज्ञानबाजी मांडावी, दिवाळीत पत्त्यांऐवजी सारीपाट पसरावा, आणि एरवी आठवड्यातून एक रात्र, शक्यतो दुकानाच्या सुट्टीच्या आदली, राखून ठेवावी. कापडी पट कोणीही शिंपी शिवून देतो. सोंगट्यांसाठी चार रंगांची मोठी बटणे चालतात. चिंचोके मात्र एकसारख्या आकाराचे निवडून, खालची बाजू दगडावर घासून सपाट करावेत; नाहीतर ते एकाच कुशीवर पडतात आणि मग भांडण ठरलेले.