मुंगूस इंग्रजीत कसे शिरले

‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’, मग ‘मंगूस’चे ‘मंगीस’ का नाही? इंग्रजी शिकणाऱ्या पोरांना हमखास गोंधळात टाकणारा हा प्रश्न. उत्तर आपल्या घरातच आहे. या ‘गूस’चा बदकाच्या भाऊबंदांशी काडीचा संबंध नाही, ते आपले मुंगूस आहे. ऑक्सफर्डचा कोशही या शब्दाचे मूळ मराठीतच दाखवतो. ‘गूस’चे ‘गीस’ होणे ही जुन्या इंग्रजीची घरची रीत. परक्या शब्दाला ती लागू होत नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगूसेस’.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली हिंदुस्थानात उतरला. सुरत, मुंबई, जुन्नर, कारवार, गोवा असा तो हिंडला आणि १६९८ मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापून आले. या प्राण्याच्या इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या उल्लेखांपैकी एक त्यात सापडतो. हिंदीत नेवला, गुजरातीत नोळियो, बंगालीत बेजी. पण इंग्रजांच्या तोंडी बसला तो आपला शब्द. पश्चिम किनाऱ्यावर त्यांचा वावर होता, त्याचा हा परिणाम असावा. सुरुवातीला ज्याला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. पुढे शेवटचे अक्षर ओळखीच्या पक्ष्याच्या स्पेलिंगवर जाऊन स्थिरावले. अनोळखी ध्वनीला ओळखीचे रूप देण्याची ही खोड सगळ्याच भाषांना असते. इस्पितळ हा शब्द आपण असाच घडवला.

मात्र शब्दाची मालकी एकट्या मराठीची म्हणता येणार नाही. कन्नडात मुंगुसी, तेलुगूत मुंगिस. आपल्याकडे तो दक्षिणेतूनच आला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे आणि मला ते पटते.

शब्दापाठोपाठ प्राणीही परदेशी गेला. ऊस कुरतडणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करायला १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ मुंगसे जमैकाला नेली, १८८३ मध्ये मुंगसे हवाईलाही पोचली. तिथे त्यांनी पक्ष्यांची अंडीही फस्त केली आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. शब्द पुढे क्रिकेटच्या मैदानातही उतरला. २०१० च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडनच्या हातात आखूड पात्याची, लांब दांड्याची बॅट दिसली, तिचेही नाव मंगूस.

शास्त्रज्ञांनी ‘मुंगोस’ हे एका प्रजातीगटाचे लॅटिन नाव ठरवले. त्या गटात आज दोनच जाती आहेत, दोन्ही आफ्रिकेतल्या. आपल्या बांधावरून सुळकन जाणाऱ्या करड्या मुंगसाचे शास्त्रीय नाव आता ‘उर्वा एडवर्ड्‌सी’ आहे.