चालत्या यंत्राला इंजिन कोणतं?

'स्क्रॅप मेकॅनिक'मध्ये पायांवर चालणारं यंत्र बांधायला घेतलं की बहुतेक नवे खेळाडू पहिला हात घालतात तो पेट्रोल इंजिनाला. ॲक्सोलॉट गेम्स या स्वीडिश स्टुडिओच्या या खेळात पेट्रोल आणि इलेक्ट्रिक, दोन्ही इंजिनं मिळतात. तरी 'खरी ताकद पेट्रोलची, इलेक्ट्रिक म्हणजे खेळणं' ही समजूत काही जात नाही.

खऱ्या यंत्रशास्त्रात ती टिकत नाही. इलेक्ट्रिक मोटर जागेवरून हलतानाच भरपूर टॉर्क देते. पेट्रोल इंजिनाला मात्र आधी फिरतं राहावं लागतं. फेऱ्या फार उतरल्या की ते बंद पडतं. घाटात क्लच लवकर सोडला की गाडी आचका देऊन थांबते ती याचमुळे. पायांचं काम तर सतत थांबत-सुटत चालणारं: उचल, टेकव, भार घे, पुन्हा उचल. बोस्टन डायनॅमिक्सच्या 'बिगडॉग' या चार पायांच्या यंत्रात सुमारे १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन होतं, पण ते पाय हलवत नव्हतं. ते हायड्रॉलिक पंप फिरवायचं आणि पाय तेलाच्या दाबावर चालायचे. खेळात तेच पेट्रोल इंजिन कनेक्ट टूलने सरळ बेअरिंगला जोडता येतं, मध्ये क्लच लागत नाही. म्हणजे पेट्रोल इंजिनाची सगळ्यात मोठी अडचण खेळाने आधीच काढून टाकली आहे. खेळात ते दमदार वाटतं, त्यात या सवलतीचाही वाटा आहे.

दुसरा गैरसमज उलट्या बाजूचा: इलेक्ट्रिक घेतलं की इंधनाची कटकट संपली. क्रिएटिव्ह मोडमध्ये इंजिनाला काहीच भरावं लागत नाही, म्हणून तसं वाटतं. मे २०२० मध्ये सर्व्हायव्हल मोड आला, त्यात एका इंजिनाला पेट्रोल लागतं आणि दुसऱ्याला बॅटऱ्या. खऱ्या जगात या दोहोंतला फरक वजनाचा असतो. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम-आयन बॅटरीत जेमतेम पाव युनिट. पेट्रोल इंजिन यातली पाऊण ऊर्जा उष्णतेत घालवतं असं धरलं, तरी हाती ३ युनिट उरतात. मोटर ९० टक्के वापरते म्हणून बॅटरीचं पाव युनिट जवळपास पूर्ण कामी येतं, पण तरीही पेट्रोल बारा-तेरा पट पुढेच राहतं. लांबच्या पल्ल्याला याचं उत्तर सोपं नाही.

मग खऱ्या यंत्रांनी बॅटरी का धरली? पल्ला हा एकच निकष नसतो. बिगडॉगचा मोठा भाऊ 'एलएस३' अमेरिकी मरीन्सनी २०१५ मध्ये बाजूला ठेवला, कारण त्याच्या इंजिनाचा आवाज शत्रूला ठावठिकाणा सांगणारा होता. बोस्टन डायनॅमिक्सचा 'स्पॉट' पूर्ण इलेक्ट्रिक आहे आणि एका चार्जवर सुमारे दीड तास चालतो. एप्रिल २०२४ मध्ये हायड्रॉलिक 'ॲटलस'ही निवृत्त झाला आणि त्याच्या जागी इलेक्ट्रिक आला.

तेव्हा इंजिन नावावरून निवडू नका. क्रिएटिव्हमध्ये तेच यंत्र दोन्ही इंजिनांवर एकाच चढावर चालवून पाहा, आणि सर्व्हायव्हलमध्ये तुमच्याकडे पेट्रोल जास्त साठलंय की बॅटऱ्या, ते आधी मोजा.