काळ्या कातळातील झांबेझी

पायथ्याशी उभे राहून, मान वर करून धबधबा पाहावयाचा, ही सह्याद्रीने अंगवळणी पाडलेली सवय घेऊन जो प्रवासी दक्षिण आफ्रिकाखंडातील व्हिक्टोरिया प्रपातापाशी जातो, त्याची प्रथमदर्शनी काहीशी फसगतच होते. कारण तेथे डोंगराचा मागमूस नसून, सपाट पठारावरून संथपणे येणारी झांबेझी नदी, १,७०८ मीटर रुंदीचे आपले सारे वैभव घेऊन, पात्रात आडव्या पडलेल्या एका भेगेत एकाएकी अंतर्धान पावते. प्रेक्षक समोरच्या काठावर, प्रपाताच्या माथ्याशी जवळजवळ समपातळीवर उभा असतो, आणि पाणी त्याच्या पायाखाली १०८ मीटरपर्यंत उतरत असते.

१८५५ च्या नोव्हेंबरात मकोलोलो नावाड्यांनी डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनऱ्यास प्रपाताच्या ऐन ओठावरील बेटावर नेऊन उतरविले, तेव्हा या खोलीचा त्याचा अंदाज अवघा शंभर फुटांचा होता. १८६० साली त्याने रीतसर मोजणी केली: दोरीस बंदुकीच्या गोळ्या व पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधून ती कड्यावरून सोडली, आणि ३१० फूट दोरी गेल्यावर गोळ्या एका उतरत्या खडकावर टेकल्या, पाणी त्याहूनही सुमारे पन्नास फूट खाली असावे, असे त्याने ठरविले. रुंदी १,८६० यार्डांहून किंचित अधिक भरली, परंतु मोजणीचे साल स्मरणात राहावे म्हणून त्याने १,८६० हाच आकडा कायम केला. महसुली दप्तरात असली मखलाशी खपली नसती. तथापि आजच्या मोजणीशी ताडून पाहता तफावत दहा यार्डांचीही नाही.

येथील कातळ मराठी माणसास परका वाटत नाही. दख्खनच्या पठाराप्रमाणेच तोही लाव्ह्यातून घडलेला बेसाल्ट आहे. मात्र आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर तो सुमारे अठरा कोटींचा. त्यात पूर्व-पश्चिम गेलेल्या प्रचंड भेगांत मृदू द्रव्य भरलेले असून, दक्षिणेकडे वाहणारी नदी ते धुऊन काढते, भेगेची दरी करते, मग त्या दरीच्या माथ्यावरील एखादा दुबळा भाग पोखरीत मागे सरकते, आणि वरच्या अंगाची पुढची भेग गाठून तेथे नवा प्रपात मांडते. खाली नागमोडी गेलेल्या घळी म्हणजे तिने सोडून दिलेली जुनी ठाणी होत. सध्याचे आठवे मानतात. पश्चिमेच्या टोकास ‘डेव्हिल्स कॅटरॅक्ट’ नामक भागी माथा सर्वांत अधिक झिजला आहे. पुढील स्थलांतराची तजवीज तेथे चालू आहे.

एप्रिलच्या सुमारास, पूर ऐन भरात असता, तुषारांच्या पडद्यापुढे प्रपातच दिसेनासा होतो. प्रवासी नखशिखान्त भिजतो आणि वर्णने मात्र याच दर्शनाची लिहितो. माझा कौल ऑक्टोबर-नोव्हेंबरला आहे. त्या वेळी झांबियाच्या हद्दीतील कडा बहुतांशी कोरडा पडून भेगांची रचना उघडी होते, आणि झिंबाब्वेच्या बाजूस पाणी तरीही वाहतच असते. दोन्ही सरहद्दी जोडणारा, १९०५ साली खुला झालेला रेल्वेचा पोलादी पूल दुसऱ्या घळीवर आहे. पारपत्र दाखवून त्याच्या मध्यावर येणारा मनुष्य जेथे उभा राहतो, तेथेच पूर्वीचा प्रपात कोसळत होता.