हार्ड डिस्कवाचून चालणारी प्रयोगशाळा

अमरावती-अकोल्याकडील महाविद्यालयांच्या संगणक-प्रयोगशाळांतून ज्यांचा वावर आहे, त्यांना हे दृश्य परिचित असेल: यंत्रे जुनी, स्मृती तुटपुंजी, हार्ड डिस्क थकलेली; आणि त्याच यंत्रावर सकाळच्या तुकडीला मराठी टंकलेखनासाठी व टॅलीसाठी विंडोज हवी, तर दुपारच्या तुकडीला प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर नांदवण्याचा मार्ग आहे. परंतु प्रत्येक यंत्राची स्वतंत्र डागडुजी करता करता प्रयोगशाळा-सहायकाचे आयुष्य त्यातच खर्ची पडते.

याला पर्याय म्हणून अमरावतीच्या एका महाविद्यालयात थिन क्लायंटची, म्हणजे काम सर्व्हरने करायचे आणि यंत्राने ते केवळ पडद्यावर दाखवायचे अशी, मांडणी होताना मी जवळून पाहिली. हा विचार नवा नाही. दूरच्या यंत्रावर चालणारा कार्यक्रम आपल्या पडद्यावर दाखवणारी एक्स विंडो पद्धत एमआयटीत १९८४ साली जन्मली, विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ साली आली, आणि जुन्या यंत्रांना लिनक्सच्या सर्व्हरवरून चालवणारा एलटीएसपी हा मुक्त प्रकल्प १९९९ पासून चालू आहे.

काम सुरू झाले ते यंत्रांतील डिस्का काढून आणि बायोसमध्ये नेटवर्कवरून सुरू होण्याचा क्रम पहिला लावून. कळ दाबताच नेटवर्क कार्ड पीएक्सई पद्धतीने साऱ्या जाळ्यावर पत्त्याची मागणी करते. डीएचसीपी सेवा त्याला पत्ता आणि पुढे कोणती फाइल मागावी याचा निर्देश देते. टीएफटीपीवरून लिनक्सचा कर्नल येतो, आणि मग पडद्यावर निवडीची यादी उभी राहते. लिनक्स निवडले तर लिनक्स सर्व्हरचे दालन उघडते; विंडोज निवडले तर आरडीपीच्या वाटेने शेजारच्या विंडोज सर्व्हरवर त्या विद्यार्थ्याच्या नावाचे स्वतंत्र सत्र रुजू होते.

वर्णन सोपे, व्यवहार अवघड. काही यंत्रे पत्ता घेत, पण फाइल त्यांना सापडेना. अकोल्याहून आलेले अनुभवी तंत्रज्ञ क्षणभर पडद्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, आधी त्या राऊटरले थांबवा, दोघं जण पत्ता वाटतील तं पोरगं कोणाचं ऐकील?" ब्रॉडबँडचा राऊटरही डीएचसीपी चालवीत होता, तो बंद होताच बहुतेक यंत्रे मार्गाला लागली. उरली त्यांत काही नव्या यूईएफआय पद्धतीची होती. त्यांना निराळी फाइल द्यावी लागते आणि सिक्युअर बूटची अडचण असल्यास ते बंद करावे लागते. सर्वांत चकवणारा दोष मात्र स्विचमध्ये होता: स्पॅनिंग ट्रीच्या जुन्या पद्धतीत नवी जोडणी खुली करण्यापूर्वी स्विच सुमारे ३० सेकंद चाचपणी करतो, आणि तेवढ्यात यंत्राची वाट पाहण्याची मुदत संपून जाते. यंत्रांकडील पोर्टांवर ही चाचपणी वगळण्याची तजवीज केल्यावर सारा वर्ग एकदम उजळला. तास सुरू होताना सगळी यंत्रे एकाच वेळी फाइली मागतात, म्हणून सर्व्हर आणि स्विच यांमधील जोडणी गिगाबिटच हवी. तेथे केलेली काटकसर अंगलट येते.

या मांडणीचा खरा गुण मात्र वीज गेल्यावर मला उमगला. यूपीएस केवळ सर्व्हर आणि स्विच यांच्यापुरता होता. यंत्रे एकदम विझली. एक विद्यार्थिनी अर्धवट टंकित अर्जाकडे पाहतापाहता हवालदिल झाली. वीज परतल्यावर ती दुसऱ्याच टेबलावर बसली, आपल्या नावाने आत शिरली, आणि तिचे वाक्य जेथे तुटले होते तेथेच कर्सर लुकलुकताना दिसला. कारण सत्र सर्व्हरवर अखंड जिवंत होते. वऱ्हाडातील मुलांचे श्रम असे वाचतात, याचे मोल मला फार मोठे वाटते.

उलट बाजूही सांगितलीच पाहिजे. सर्व्हर बसला तर सारी प्रयोगशाळा बसते; म्हणून त्याची खोली मे महिन्यात, पारा ४५ अंशांपुढे सरकत असतानाही थंड राखावी लागते, आणि नियमित बॅकअपला पर्याय नाही. विंडोजच्या सत्रांना सर्व्हरच्या परवान्याखेरीज दर माणशी किंवा दर यंत्रामागे वेगळा परवाना लागतो. हा परवाना नसतानाही मिळणाऱ्या १२० दिवसांच्या सवलतीत सारे सुरळीत चालते आणि मुदत सरताच नवी सत्रे नाकारली जातात, हे अंदाजपत्रक करणाऱ्या दफ्तराच्या ध्यानात बहुधा उशिरा येते.

तेव्हा जुनी यंत्रे भंगारात काढण्याचा ठराव ज्या व्यवस्थापन समितीपुढे येईल, तिने सर्व्हर, गिगाबिट स्विच, यूपीएस आणि परवाने यांचा हिशेब आधी एकत्र मांडावा, आणि मगच लिलावाच्या कागदावर सही करावी.