‘एक्स्टोल’ : अर्थ आणि उपयोग

‘प्रेझ’, ‘लॉड’, ‘कमेंड’ आणि ‘एक्स्टोल’ या चार इंग्रजी क्रियापदांपुढे लहान शब्दकोशांत बहुधा ‘स्तुती करणे’ हा एकच अर्थ दिलेला असतो. कोशाचे काम तेवढ्यावर भागते. शिक्षकाचे भागत नाही. वहीत सुवाच्य अक्षर काढणाऱ्या मुलीविषयी ‘बाईंनी तिला एक्स्टोल केले’ अशा अर्थाचे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने इंग्रजीत लिहिले, तर त्यात व्याकरणाची चूक दाखविता येत नाही. तरीही ते वाक्य खटकते. तेथे साधे ‘प्रेझ’ हवे. हा खटका कशामुळे लागतो, हे मुलांना सांगता आले पाहिजे.

शब्दाच्या मुळाशी गेल्यास उलगडा होतो. लॅटिन भाषेत ‘एक्स’ म्हणजे बाहेर किंवा वर, आणि ‘टोल्लेरे’ म्हणजे उचलणे. एखाद्यास उचलून सर्वांना दिसेल असे उंच धरावे, हे या शब्दातील मूळ चित्र होय. ज्या प्राचीन धातूपासून हे लॅटिन क्रियापद निघाले, त्याच धातूशी संस्कृतातील ‘तुला’ आणि आपले रोजच्या व्यवहारातील ‘तोलणे’ यांचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी जोडले आहे. वजन करावयाचे तर आधी वस्तू उचलावी लागते! इ. स. १६११ मधील इंग्रजी बायबलात स्तोत्रकर्ता देवाची थोरवी गातो तेथे ‘एक्स्टोल’ योजिले आहे, आणि मूळ हिब्रू शब्दाचा अर्थही ‘उंच करणे’ असाच आहे.

यास्तव मराठीत ‘स्तुती करणे’ यापेक्षा ‘थोरवी गाणे’, ‘गोडवे गाणे’ किंवा ‘वाखाणणे’ हे शब्द अधिक जवळचे. ‘डोक्यावर घेणे’ यातही उंचावण्याचीच कल्पना आहे; परंतु त्यात लाड व कौतुक अधिक, शब्दांनी केलेले वर्णन कमी. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढविणे’ हा वाक्प्रचार मोहक वाटला तरी येथे चालणार नाही. त्यात समोरच्यास भुलविण्याचा हेतू असतो, व त्या हेतूसाठी इंग्रजीत ‘फ्लॅटर’ हे निराळे क्रियापद आहे. ‘एक्स्टोल’ करणाऱ्याच्या मनात कपट असेलच असे नाही. पुष्कळदा तो अगदी मनापासून बोलत असतो.

येथपर्यंत बहुतेक शिक्षक पोहोचतात. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा असून तोच वर्गात सुटून जातो. प्रार्थना-स्तोत्रे सोडल्यास ‘मी एक्स्टोल करतो’ असे आजचे इंग्रजी क्वचितच म्हणते. दुसरा कोणी कशाची तरी थोरवी गात होता, हे सांगण्यासाठीच लेखक हा शब्द वापरतो; आणि त्या स्तुतीची हमी तो स्वतः घेत नाही. विशेषतः ‘एक्स्टोल द व्हर्च्यूज ऑफ’, म्हणजे ‘अमुक गोष्टीचे गुण गाणे’, या रूढ शब्दसमूहात पुष्कळदा मंद हसू दडलेले असते. शेक्सपिअरने ‘हॅम्लेट’ नाटकात ‘एक्स्टोलमेंट’ हे नाम घातले आहे, तेही राजपुत्र एका दरबाऱ्याच्या फुगीर भाषेची नक्कल करतो त्या ठिकाणी. ते नाम पुढे जवळजवळ लोपले.

समजा, उताऱ्यात असे वर्णन आहे की बाजारात आलेल्या एका विक्रेत्याने नव्या बियाण्याचे गुण ‘एक्स्टोल’ केले आणि शेतकऱ्यांनी ते विकत घेतले. खाली प्रश्न आहे : लेखकाचे बियाण्याविषयी मत काय? ‘लेखकाच्या मते बियाणे उत्तम आहे’ असे उत्तर कित्येक मुले लिहितील. वस्तुतः लेखकाने मत दिलेलेच नाही. विक्रेता काय बोलला एवढेच त्याने नोंदविले. कोशातील अर्थ तोंडपाठ असलेला हुशार विद्यार्थी येथे हमखास फसतो, आणि दोष त्याचा नसतो. म्हणून असा उतारा शिकविताना प्रथम ‘बोलतो कोण?’ हे विचारावे, अर्थ नंतर सांगावा.

वाक्यरचनेविषयी थोडेच सांगावयाचे आहे. या क्रियापदास कर्म लागते. ते बहुधा गुण, फायदा, योजना, पद्धती असे असते. व्यक्तीही चालते, पण ती थोर पुरुषाच्या पायरीवरची असावी. ‘प्रेझ’प्रमाणेच यापुढेही ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य जोडू नये. उच्चारात आघात दुसऱ्या अवयवावर येतो आणि पहिला स्वर ‘इ’कडे झुकतो. ब्रिटिश लेखनात शेवटी एकच ‘एल’ असतो, अमेरिकेत दोनही लिहितात. भूतकाळी रूपात मात्र दोन्हीकडे ‘एल’ दोनदाच येतो.

‘एक्स्टॉर्ट’ या शब्दापासून विशेष जपावे. त्याचा अर्थ धाक दाखवून पैसा उकळणे असा आहे, आणि दोन्ही शब्दांची पहिली चार अक्षरे एकच आहेत. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या इंग्रजी मानपत्रात ‘गावकऱ्यांनी त्यांचे गुण गाइले’ असे लिहिताना हात चुकला, तर गावकऱ्यांनी त्यांच्याकडून गुण उकळले असे होईल. मानपत्र चौकटीत बसविण्यापूर्वी तेवढा एक शब्द पुन्हा तपासून घ्यावा.