संगणक रीडिंग घेतो तेव्हा

तारेच्या गुंडाळीतून चुंबक खाली सोडला की तीत क्षणभर विद्युतदाब निर्माण होतो. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला गॅल्व्हॅनोमीटर लावला तर काटा नुसता हलतो, रीडिंग घ्यायला सवडच मिळत नाही. तीच गुंडाळी संगणकाला जोडली की पडद्यावर आलेख उमटतो: एक शिखर वर, दुसरे खाली. दुसरे जास्त टोकदार, कारण बाहेर पडेपर्यंत चुंबकाचा वेग वाढलेला असतो. फॅरडेचा नियम इथे डोळ्यांना दिसतो, आणि एवढ्यासाठीच संगणक प्रयोगशाळेत हवा.

मुंबईत अँटॉप हिलच्या विद्यार्थ्यांना माटुंग्याचे खालसा, वडाळ्याचे एसआयडब्ल्यूएस, शीवचे एसआयईएस ही महाविद्यालये जवळची. अशा महाविद्यालयांतल्या साध्या प्रयोगशाळांसाठी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने 'फिनिक्स' प्रकल्पात 'एक्सपआइज' हे छोटे उपकरण घडवले. ते यूएसबीने जोडता येते, पायथनमधून चालवता येते आणि त्याचे सॉफ्टवेअर खुले आहे. पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये त्याचे धडेही आहेत.

उपकरण आले म्हणजे मोजमाप शिकवून झाले, असे मात्र नाही. सेन्सर आणि पडद्यावरचा आकडा यांच्यामध्ये एडीसी असतो. तो सलग बदलणाऱ्या विद्युतदाबाचे आकडे करतो. एक्सपआइज-१७ मधला एडीसी १२ बिटांचा आहे. उणे १६ ते अधिक १६ व्होल्टचा पल्ला तो ४०९६ पायऱ्यांत विभागतो, म्हणजे एक पायरी सुमारे ७.८ मिलिव्होल्टची. एक टोक बर्फात आणि दुसरे उकळत्या पाण्यात ठेवलेला के-प्रकारचा थर्मोकपल जेमतेम ४ मिलिव्होल्ट देतो. या पल्ल्यावर तो एक पायरीही चढत नाही! अ‍ॅम्प्लिफायर कशासाठी, हे या एका गणिताने विद्यार्थ्याला पक्के कळते. प्रयोगाआधी ते जर्नलमध्ये हाताने करून घ्यावे.

दुसरा प्रश्न वेगाचा. घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्या लहरीची सेकंदाला ४० रीडिंगे घेतली तर पडद्यावर १० आवर्तनांची लहर दिसते. ती खरी नसते, पण दिसायला अगदी सुबक असते. नमुने सर्वांत जलद आवर्तनाच्या दुपटीहून अधिक वेगाने घ्यावे लागतात. हा नियम नुसता सांगून भागत नाही. विद्यार्थ्याने ही खोटी लहर स्वतः पडद्यावर आणावी, मग रीडिंगांचा वेग वाढवत खरी लहर शोधावी.

तिसरा प्रश्न सेन्सरच्या खरेपणाचा. तापमानाचा सेन्सर आधी वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासून घ्यावा लागतो. मुंबई समुद्रसपाटीलगत असल्याने इथे पाणी जवळजवळ १०० अंशांवरच उकळते; पाचगणीला प्रयोग केला तर उंचीचा हिशेब धरावा लागेल.