पुराच्या नावेसाठीं वापरलेलें फोर-स्ट्रोक इंजिन कसें पारखावें

वेदगंगेच्या कांठच्या शेतकऱ्यास पूर नवा नाहीं. पावसाळ्यांत नदी पात्र सोडून उसांत शिरते व कांहीं दिवसांनीं परतते, हें आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलों आहों. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं कोल्हापूर जिल्ह्यांत जे महापूर आले, त्यांनीं जुने अंदाज खोटे ठरविले. रस्ते बुडाले, वस्त्या एकमेकींपासून तुटल्या, आणि आजाऱ्यास वा बाळंतिणीस सुरक्षित जागीं नेण्यास नावेवांचून उपाय उरला नाहीं. ता. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें बाहेर काढीत असतां नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पुरांत नुसती नाव असून भागत नाहीं, हें त्या दिवशीं सर्वांस कळून चुकलें.

चार-पांच बागाइतदारांनीं किंवा एखाद्या सोसायटीनें मिळून लहान नाव व तिच्या मागें अडकवावयाचें इंजिन घेऊन ठेवावें, हा विचार यांतूनच सुचतो. नवें इंजिन महाग पडत असल्यानें वापरलेलें घेण्याकडे साहजिकच कल होतो. तें कसें पारखावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशीं पक्की करावी. कोळ्याचें इंजिन रोज चालतें. त्यांत बिघाड झाला तर तो त्याच दिवशीं कळतो. आपलें इंजिन वर्षांतील अकरा महिने खोपींत पडून राहणार, आणि बाराव्या महिन्यांत एखाद्या रात्रीं, भर पावसांत, दुसऱ्या-तिसऱ्या दोरीस तें चालूं झालें पाहिजे. म्हणून आपणांस वेगवान किंवा देखणें इंजिन नको. दोरीनें चालूं होणारें, आपल्या मिस्त्रीस उघडतां येईल असें साधें इंजिन हवें. पुढील प्रत्येक पारख याच कसोटीवर लावावी.

फोर-स्ट्रोक कां?

अमेरिकेंत ओले एव्हिनरूड यानें १९०९ च्या सुमारास अशीं इंजिनें विक्रीस आणलीं. पुढें पुष्कळ वर्षें तीं बहुधा टू-स्ट्रोक असत. त्यांत पेट्रोलमध्येंच तेल मिसळावें लागतें, धूर फार होतो व पेट्रोलही जास्त लागतें. जपानच्या होंडा कंपनीनें १९६४ सालीं आपलें पहिलें फोर-स्ट्रोक इंजिन बाजारांत आणलें. आज यामाहा, सुझुकी आदि कंपन्यांचीं लहान इंजिनेंही त्या जातीचीं मिळतात. नदीकांठीं डिझेल इंजिन चालविलेल्या शेतकऱ्यास त्याची रीत निराळी सांगावयास नको: ओढणें, दाबणें, पेटणें व धूर टाकणें या चार चाली, आणि तेल स्वतंत्र तळटाकींत. पेट्रोल कमी जळतें, मंद गतींतही इंजिन स्थिर चालतें, व आवाज बेताचा असल्यानें पुरांतून कोणीं मारलेली हांक ऐकूं येते. तोटा असा कीं, वजन अधिक असतें आणि तें वाटेल त्या कुशीवर आडवें ठेवतां येत नाहीं. ठेवल्यास तेल सिलिंडरांत शिरतें. विकणाऱ्यानें तें कसें ठेविलें आहे, यावरूनच त्याची निगा कळते.

बळ व दांड्याची लांबी

बारा ते चौदा फुटी नावेस साधारणतः ५ ते १० अश्वशक्तीचें इंजिन पुरें होतें. नावेवर कमाल अश्वशक्ती व माणसांची संख्या लिहिलेली असल्यास ती मर्यादा ओलांडूं नये. ५ अश्वशक्तीचें इंजिन पंचवीस किलोच्या आसपास, तर १० अश्वशक्तीचें चाळीस किलोच्या आसपास भरतें; चिखलांतून तें कोण उचलणार, हें आधींच ठरवावें. मुख्य प्रवाहांत शिरण्यासाठीं मोठें इंजिन घेण्याचा मोह आवरावा. तें काम शिकलेल्या पथकांचें. आपली नाव शेतांवर पसरलेल्या पाण्यांतून वस्तीपासून रस्त्यापर्यंत जावयाची.

आखूड दांडा सुमारें १५ इंची व लांब दांडा सुमारें २० इंची असतो. नावेच्या मागच्या फळीची उंची मोजूनच निवड करावी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या पातळींत किंवा इंचभर खालीं यावी. दांडा आखूड पडल्यास पंखा हवा ओढून नुसताच फिरतो. फाजील लांब झाल्यास तो उथळ पाण्यांत बांधावर आपटतो.

थंड इंजिनाची परीक्षा

आम्ही येईपर्यंत इंजिन चालूं करूं नये, असें विकणाऱ्यास आगाऊ कळवावें व हात लावून तें गार असल्याची खात्री करावी. ऊन इंजिन कोणाच्याही हातीं चालूं होतें. थंड इंजिन किती दोऱ्यांत पेटतें, हेंच आपल्या कामाचें माप.

चालूं करण्यापूर्वीं तेलाची काडी काढून पाहावी. तेल काळें असल्यास तें बदललें नाहीं एवढेंच समजावें. तें दुधाळ असल्यास आंत पाणी शिरलें आहे. पातळी खुणेच्या वर जाऊन पेट्रोलचा वास येत असल्यास पेट्रोल तेलांत उतरत आहे. नंतर गिअरपेटीचें बूच किंचित सैल करून थोडें तेल बोटावर घ्यावें. तेंही दुधाळ दिसल्यास सील गेलें असें जाणावें. सील स्वस्त असतें, पाण्यानें खाल्लेले गिअर मात्र महाग पडतात. बोटास धातूचे कण लागले तर तें इंजिन तेथेंच सोडावें.

मग प्लग काढून कॉम्प्रेशन मोजावें. दोन सिलिंडर असल्यास दोहोंच्या आंकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. एकच सिलिंडर असल्यास पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडून पाहावें. दोरी हलकी जावी म्हणून कांहीं इंजिनांत दाब कमी करणारी योजना असते, व तिच्यामुळें आंकडा कमी दिसतो, हें मिस्त्रीच्या कानावर घालावें.

पाण्याची धार

मोटारसायकलीस हवा थंड करते. नावेच्या बहुतेक इंजिनांस नदीचें पाणीच थंड ठेवितें. गिअरपेटीच्या वर एक रबरी चक्री असते, तिला मिस्त्री इंपेलर म्हणतात. ती पाणी वर चढविते, व त्यांतील थोडें पाणी बारीक धारेनें बाहेर पडतें. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी होय. पाण्यावांचून इंजिन क्षणभरही चालवूं नये, कारण कोरडी चक्री लगेच जळते. मोठ्या पिंपांत पाणी भरून खालचा भाग बुडवावा व पंधरा मिनिटें चालवून पाहावें. धार लवकर सुरू होऊन अखंड राहिली पाहिजे. पुढचा व मागचा गिअर घालून पाहावा, आणि बंद करून पुन्हा चालूं करावें. पुराच्या पाण्यांतील वाळू चक्री झिजविते. म्हणून धार चांगली असली तरी नव्या चक्रीचा खर्च हिशेबांत धरावा.

खाऱ्या पाण्याचा दोष

आपणांस वापरलेलें इंजिन बहुधा घाट उतरून मालवण, वेंगुर्लें, रत्नागिरी किंवा गोव्याकडे शोधावें लागेल. खाऱ्या पाण्याचा दोष आपल्या ओळखीचा नसतो, आणि नव्या रंगाखालीं तो सहज झांकतां येतो. म्हणून वरचें झांकण काढून बोल्टांच्या मुळाशीं पांढरी भुकटी किंवा रंगाखालीं फोड आहेत काय, हें पाहावें. खालच्या भागास जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. इंजिनाऐवजीं तो स्वतः झिजतो. अर्धवट झिजलेला तुकडा हें निगेचें लक्षण आहे. तुकडाच नसेल किंवा त्यावर रंग फासलेला असेल, तर खारानें इंजिनासच खाल्लें असण्याचा संभव फार.

पेट्रोल व इथेनॉल

देशांत २०२५ सालीं पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर पोंचलें. आपल्या उसास त्यामुळें आणखी एक गिऱ्हाईक मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नावेच्या इंजिनांच्या पुस्तिकांत बहुधा दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा असते. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल ओढतें, व फार दिवस सांठविलेल्या पेट्रोलांत तें पाण्यासह तळाशीं बसतें. म्हणून जुन्या रबरी नळ्या फुगलेल्या किंवा तडकलेल्या दिसल्यास बदलाव्या. काम संपतांच पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें व कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल काढून टाकावें. पेट्रोल मृगाच्या सुमारास ताजें आणावें. उरलेलें पाऊस ओसरतांच मोटारसायकलींत घालून संपवावें.

उसावरून जातांना

आपल्या पुराखालीं ऊस उभा असतो. त्याचा पाला, ठिबकच्या नळ्या व कुंपणाच्या तारा पंख्यास गुंततात. पुष्कळ लहान इंजिनांत पंख्याच्या दांड्यांत एक मऊ खीळ असते. आघात होतांच ती तुटते व गिअर वांचतात. मागील मालकानें तिच्या जागीं लोखंडी खिळा ठोकला नाहीं ना, हें अवश्य पाहावें. जादा खिळी, पाना, पक्कड, वल्हीं व लांब बांबू नावेंतच बांधून ठेवावीं. चालक पाण्यांत पडल्यास इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी ओढून पाहावी. ती नादुरुस्त असेल तर सौदा करण्यापूर्वीं ती दुरुस्त करून मागावी.

खरेदीच्या वेळीं फळीस अडकविण्याच्या भागावरील क्रमांक विक्रीच्या पावतीवर लिहून घ्यावा. क्रमांक खरवडलेला असल्यास इंजिन घेऊंच नये. अंतर्देशीय जलयानांसंबंधीं २०२१ चा कायदा यांत्रिक नावांची तपासणी व नोंदणी सांगतो. त्याची चौकशीही आधींच करावी.

शेवटीं किंमतीविषयीं. दोन इंजिनांत थोड्या पैशांचा फरक असेल, तर तो नव्या चक्रीसाठीं, नळ्यांसाठीं व प्रत्येक माणसामागें एक याप्रमाणें तरंगत्या जाकिटांसाठीं राखून ठेवावा. घेतलेलें इंजिन महिन्यांतून एकदां, ठरल्या दिवशीं, पिंपांत दहा मिनिटें चालवावें व तें काम एका नेमक्या माणसाकडे सोंपवावें. सर्वांच्या मालकीची वस्तु बहुधा कोणाच्याच निगेंत नसते, आणि पुराच्या रात्रीं निगा करावयास वेळ उरत नाहीं.